आठवी झाली, खेळ संपला?

दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असा एक विषय असतो. त्याच्यापुढे गुण नसतात, श्रेणी असते. ती बहुतेकांना मिळते आणि चांगली मिळते. त्या विषयाचे तास वर्षभरात किती झाले, हे मात्र गुणपत्रिकेवर कुठेच येत नाही. तास न घेता दिलेली श्रेणी खोटी असते हे मुख्याध्यापकांना कळतं, वर्गशिक्षकांना कळतं, आणि सगळ्यांच्या आधी मुलांना कळतं. न केलेल्या कामाचा शेरा कागदावर आपोआप येतो, हे चौदा-पंधरा वर्षांचं पोर शाळेतच शिकतं. शाळेत शिकलेलं असं काही नंतर पुसता येत नाही.

हे मुकुटबनसाठी लिहितो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातलं गाव. भोवती कोळसा आणि चुनखडी, जवळच सिमेंटचा कारखाना, माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरचं स्टेशन, पैनगंगेपलीकडे तेलंगण. आसपासच्या खेड्यांतून आणि पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, मुलं इथं माध्यमिक शाळेत शिकायला येतात. या पोरांत दम नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. शाळेआधी वावरात एक फेरी, मग शाळा, सुटल्यावर पुन्हा घरचं काम, असा यांचा दिवस. दमसास आहे. तो कुठे लावायचा ते दाखवणारं माणूस नाही.

शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा शाळेला मैदान मागतो. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही मागतो. पण या कायद्याची हद्द आठवीला संपते. आणि नेमकं नववीत, अंग वाढायला लागतं, रग यायला लागते, तेव्हा घरातून आणि शाळेतून एकाच सुरात सुरू होतं: आता पुरे झालं खेळणं, दहावीकडे बघ. वेळापत्रकात खेळाचा तास शेवटचा लागतो. शेवटचा तास म्हणजे बीजगणिताचं राहिलेलं प्रकरण, विज्ञानाच्या वह्यांची तपासणी, सराव परीक्षेचे पेपर. गणिताच्या सरांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल मला शंका नाही. तरी दुसऱ्याचा तास तो दुसऱ्याचा. इतिहासाच्या तासाला कुणी गणित शिकवलं तर इतिहासाचे सर भांडतील. खेळाच्या तासासाठी कुणी भांडत नाही, कारण कित्येक शाळांत तो तास नक्की कुणाचा हेच ठरलेलं नसतं.

मग एक दिवस तालुका क्रीडा स्पर्धेचं पत्र येतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही शालेय स्पर्धांची पायरी. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. तारीख कळली की वर्गातली सात उंच पोरं निवडायची, दोन दिवस पळवायचं आणि गाडीत बसवायचं, याला संघ म्हणत नाहीत. पहिल्याच सामन्यात हरून ती परत येतात आणि ‘आपल्या पोरांना जमत नाही’ अशी नोंद गावाच्या मनात होते. जमवायला वेळ दिलाच कुठे होता?

मैदानाचं रडगाणं मला मान्य आहे, थोडं. स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो आणि आपली काळी माती पहिल्या पावसात पायाला किलोकिलोने चिकटते. तिच्यावर कबड्डीची चढाई करता येत नाही, खो-खोत खांबाला वळसा घेताना गुडघा जातो. पण त्यावर उपाय कोणता? मुरमाचे चार टिप्पर, एक दिवस रोलर, आखणीला चुना, खो-खोचे दोन खांब. ज्या रस्त्यांवर रात्रंदिवस टिप्पर धावतात, तिथे चार टिप्पर मुरूम मिळत नाही हे मला कुणी सांगू नये.

पैशाचंही तसंच. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगतं, आणि त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खाणींमुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमणाऱ्या पैशातून शिक्षणासाठी जी कामं करता येतात, त्यांत क्रीडा सुविधा आहेत. म्हणजे दारं दोन आहेत आणि दोन्ही कायद्याने उघडी आहेत. शाळेने मागणीचं पत्र लिहावं, ग्रामपंचायतीने ठराव जोडावा. कोळसा आणि चुनखडी याच जमिनीतून निघते, रस्त्यावरची धूळ हीच मुलं खातात. त्यांनी मैदान मागितलं तर ते कुणाचे उपकार मागत नाहीत.

आणि कोणता खेळ? ज्याला फार काही लागत नाही तो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचं आणि महिलांचं अशी दोन्ही अजिंक्यपदं भारताने जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. या खेळाला ना महागडी बॅट लागते ना बूट.

मुलींचं सांगायचं तर सगळा पेच बसच्या वेळेत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, ही मोठी सोय झाली. पण बस शाळा सुटायच्या वेळेला येते. सरावासाठी तासभर थांबलेल्या मुलीची बस जाते, आणि अंधार पडल्यावर पोरगी पोडावर कशी येणार ही बापाची काळजी खोटी नाही. तेव्हा त्या बापाला मागासलेला म्हणणं सोपं. सरावाची वेळ बदलणं हे खरं काम. सराव शाळेच्या वेळेतच हवा. खेळाचा तास शेवटचा न ठेवता मधे आणा, दोन तास सलग जोडा, शनिवारची सकाळ वापरा. संघाबरोबर बाहेरगावी शिक्षिका जाणार असेल तर ते नाव आधीच घरी कळवा. एवढं केलं तर ज्या घरातून आज नकार येतो, त्यातल्या बऱ्याच घरांतून होकार येईल, अशी माझी खात्री आहे.

मैदानावर ज्यांचं मन रमत नाही, त्यांच्यासाठी मंडळं असतात. कागदावर ती भरपूर आहेत: विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काउट-गाईड, वाङ्मय मंडळ. पण वक्तृत्वाचं भाषण सर लिहून देतात आणि दरवर्षी तीच एक मुलगी पाठ करून म्हणते. विज्ञान प्रदर्शनातली प्रतिकृती बाप बनवतो किंवा बाजारातून येते. असल्या मंडळात जाऊन मुलाच्या हाती काय लागणार?

मुकुटबनच्या विज्ञान मंडळाला करायला खरं काम समोर पडलं आहे. शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावावा आणि मुलांनी रोज पतंग मोजावेत. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन दिवस आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं कृषिशास्त्र सांगतं. ही मोजणी नववीचं मूल बिनचूक करू शकतं. फळ्यावर रोजचा आकडा लिहावा, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी कधी लागते, कधी लागत नाही, फवारताना तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून घ्यायचा, हे मूल घरी जाऊन आईबापाला सांगणार असेल तर ते मंडळ कोणत्याही प्रदर्शनातल्या ढालीपेक्षा मोठं आहे. पावसाचंही तेच. एक पर्जन्यमापक आणि एक वही एवढ्यावर मंडळ सुरू होतं.

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. इथल्या कित्येक मुलांच्या घरात कोलामी बोलतात, गोंडी बोलतात, तेलुगू बोलतात. वर्गात पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची वेळ आली की ही मुलं मान खाली घालतात आणि शिक्षक त्यांना कच्ची ठरवून मोकळे होतात. त्याच मुलाला कबड्डीच्या कोपऱ्यावर उभं करा. तो साखळीतल्या पोराला ओरडून सांगेल कुठे सरकायचं ते. ज्याला शाळेत बोलायला एक जागा सापडली, तो शाळा सहजासहजी सोडत नाही. नववी-दहावीत गळणारी मुलं थांबवायची असतील तर इथून सुरुवात करावी.

बघणारा डोळा मात्र हवा. अक्षय कर्णेवार हा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा क्रिकेटपटू. लहानपणी तो उजव्या हाताने गोलंदाजी करायचा. त्याचा डावा हातही तितकाच चालतो हे प्रशिक्षकाने हेरलं आणि त्याला डाव्या हाताने गोलंदाजी करून बघायला सांगितलं. पुढे तो दोन्ही हातांनी टाकणारा गोलंदाज म्हणून देशभर ओळखला गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात विदर्भाकडून त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. मैदानावर कुणी मोठं माणूस उभंच नसतं तर तो डावा हात कुणाला दिसला असता?

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे 2018 मध्ये याहून मोठी गोष्ट घडली. आदिवासी विकास विभागाच्या मोहिमेतून आश्रमशाळांत शिकणारी मुलं एव्हरेस्टला गेली आणि त्यांतली पाच शिखरावर पोचली. त्याआधी 2014 मध्ये तेलंगणच्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा, समाजकल्याणच्या निवासी शाळेतली विद्यार्थिनी, चौदा पूर्ण व्हायच्या आत एव्हरेस्टवर चढली होती. ही मुलं आपल्या मुलांसारखीच, त्याच उन्हात वाढलेली, तशाच घरांतली. फरक इतकाच, की त्यांच्या शाळांत कुणीतरी नावं विचारली, ती लिहून घेतली, आणि पुढचे कित्येक महिने रोज तयारी करून घेतली.

तर पोट्टेहो आणि पोरींनो, तुम्हाला सरळ सांगतो. वर्गात वही फिरेल तेव्हा नाव द्या. पहिल्या संघात नंबर लागला नाही तर राखीव म्हणून जा. खेळता येत नसेल तर गुणफलक सांभाळा, सामन्याची नोंद ठेवा, पंचाचे नियम पाठ करा. गावोगावच्या कबड्डीला पंच कमी पडतात. आणि मैत्रीण येत नाही म्हणून तू थांबू नकोस.

दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, स्पर्धेची पातळी आणि कामगिरी पाहून, पंचवीसपर्यंत. त्यासाठी शाळेकडून वेळेत प्रस्ताव जावा लागतो, तेवढं लक्षात ठेवून विचारा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचेही गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. घरी पटवायला या गोष्टी सांगा, बिनधास्त सांगा. पण गुण मिळाले नाहीत तरी खेळायचं असतं. सोळाव्या वर्षी जे अंग कमावलं जातं, जी माणसं जोडली जातात आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायची जी सवय लागते, ती नंतर कुठल्याच क्लासमध्ये विकत मिळत नाही.

आता पालकांना. शाळेच्या सभेला आपण जातो, टक्के विचारतो, सही करून परत येतो. पुढच्या सभेत टक्क्यांच्या आधी उभं राहून विचारा: नववी-दहावीच्या वेळापत्रकात खेळाचे तास किती आहेत, गेल्या महिन्यात त्यांतले किती झाले, आणि माझ्या मुलीचं नाव कोणत्या संघात आहे? उत्तर लेखी मागा.