आधी कमान, मग विमान

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छातीठोकपणे सांगतो. फरक इतकाच, की जर्मनीत विमानतळ आहेत आणि आपल्याला विमानासाठी नांदेड गाठावं लागतं. अर्थात जर्मनांनीही फार मिजास करू नये. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन जून 2012मध्ये ठरलं होतं. धूर बाहेर काढायची यंत्रणा नापास झाली आणि विमानतळ उघडला ऑक्टोबर 2020मध्ये. दिरंगाईत जर्मनीनं परभणी गाठली, ती अशी.

आमच्या टपरीवर मात्र परभणीच्या विमानतळाचा आराखडा तयार आहे. टर्मिनलची जागा जरा अडचणीची: एका अंगाला धावपट्टी, दुसऱ्या अंगाला जायकवाडीचा कालवा, तिसऱ्याला रस्ता आणि मागे एका पुढाऱ्याच्या मेहुण्याचं प्लॉटिंग. चारही हद्दींत शेवटचीच काय ती पक्की. दर्शनी कमान 60 फुटी हवी, यावर सर्वपक्षीय एकमत झालं. नाव कोणाचं द्यायचं, तेवढं राहिलं.

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर चहा पीत ऐकत होते. म्हणाले, “एटीआर विमान उतरवायचं ना? मग धावपट्टीभोवती जो मोकळा पट्टा सोडावा लागतो, त्याच्या कडेपासून 7 मीटर मागे सरकलात की 1 मीटर उंची मिळते. तुमच्या 18 मीटरच्या कमानीला सव्वाशे मीटर मागं जावं लागेल.”

“मागं तर प्लॉटिंग आहे!”

“म्हणून म्हणतो, बैठं टर्मिनल करा. लोखंडी कैच्या, वर पत्रा.”

शांतता पसरली. मग सूचना आली, की धावपट्टीच थोडी सरकवावी.

बैठ्या इमारतीला पाया तो कितीसा, असं एकानं विचारलं आणि इंजिनिअरसाहेब खुलले. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. इमारत भारी असेल तर वजनानं ती मातीला थोडंफार दाबून तरी धरते. हलकी असली की माती तिला खुशाल उचलते, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. चौकटी तिरक्या होतात, दारं अडतात, भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. लहान इमारतीला लहान पाया, हा हिशेब काळ्या रानात चालत नाही. त्यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तोड काढलेली आहे: ओल कमीजास्त होत नाही इतक्या खोल जाणारे पाइल, खालच्या टोकाला गड्ड्यासारखे फुगवलेले, म्हणजे वरची माती कितीही उसळली तरी ते उपटत नाहीत. पाइलांच्या डोक्यावर बीम.

“आणि बीमखाली साधारण 8 सेंटीमीटर जागा मोकळी सोडायची. बीम मातीला टेकता कामा नये. मातीला फुगायला तेवढी वाट हवी.”

आतापर्यंत गप्प असलेले ठेकेदार सावरून बसले.

“मोकळी म्हणजे? आत काहीच घालायचं नाही?”

“काहीच नाही. पोकळी.”

“आणि त्याचं बिल निघतं?”

पोकळी करायला मजुरी लागतेच, साहेब म्हणाले; तेवढं निघेल.

ठेकेदारांनी दुसरा चहा सांगितला. “मग कमान राहू द्या हो,” ते म्हणाले. “आख्खा विमानतळच त्या हेडखाली टाका.”