साखर कमी करणे (चार माणसांसाठी)

साहित्य: पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ एक, रक्ततपासणीचा कागद एक, आई किंवा सासू एक (दोघी असल्यास कृतीला वेळ जास्त लागतो), शेजारी व नातेवाईक आवडीप्रमाणे. साखर चवीपुरती.

पूर्वतयारी म्हणून आधी कागद नीट वाचावा. उपाशीपोटीची साखर फसवता येते. आदल्या रात्री मुगाची खिचडी खाऊन लवकर झोपलं की सकाळी आकडा शहाण्या मुलासारखा येतो. एचबीएवनसी ही तपासणी तेवढी भोळी नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही बया मोजते; कालची खिचडी बाजूला सारून थेट गणपतीतले मोदक उकरून काढते. आकडा 5.7 च्या खाली असेल तर ही कृती करू नये, घरात उगाच तंटे होतात. 6.5 किंवा वर असेल तर डॉक्टरांचं ऐकावं, माझं नाही. मधल्या पट्ट्यात सापडलेल्यांसाठी हे मार्गदर्शन. माझा 6.2. शाळेत सगळे विषय काठावरच सुटल्यामुळे मला तिथे घरच्यासारखं वाटलं.

आता मुहूर्त. चैत्रात पाडव्याचं श्रीखंड. वैशाखात आमरस, आणि आमरसाला नको म्हणणाऱ्याकडे लोक वारसाहक्काच्या दाव्यातल्या साक्षीदाराकडे पाहावं तसे पाहतात. आषाढ तळणाचा, श्रावण पुरणाचा, भाद्रपदात मोदक, ते पचतात न पचतात तोच पितृपक्षातली खीर. पुढे कोजागरी, दिवाळी, संक्रांत, होळी. मध्येच अधिक महिना उपटला तर जावयाला 33 अनारसे. जावई गोळ्या घेतो म्हणून 33 चे 30 करायची सोय नाही. सगळं वजा जाता मला ज्येष्ठातला एक बुधवार मिळाला. नेमका त्याच दिवशी वरच्या मजल्यावर दहावीचा निकाल लागला आणि पेढे खाली आले.

पहिला हात चहावर टाकावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाचाच्या आत ठेवलीत तर आणखी बरं. 2000 कॅलरी खाणाऱ्याला पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे. मी चार कप पितो, कपाला दोन चमचे. हिशेब तिथेच संपला. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की जिभेला पत्ता लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण हे आपल्या घरात. दुसऱ्याकडे ‘मला बिनसाखरेचा’ म्हणताच यजमानीणबाईंचा आवाज खाली येतो. ‘कधीपासून?’ असं त्या विचारतात, आणि चहा अगदीच सपक लागेल म्हणून सोबत बशीभर शंकरपाळे आणतात.

यापुढचा भाग नाजूक आहे. आई म्हणाली, ‘मी स्वयंपाकात साखर घालतच नाही.’ मी एक अख्खा दिवस वही घेऊन ओट्याशी उभा राहिलो. पोह्यांत चिमूट. काकडीच्या कोशिंबिरीत अर्धा चमचा. आमटीत गुळाचा खडा. अळूच्या भाजीत त्याहून मोठा खडा. कढीत साखर, टोमॅटोच्या सारात साखर, लिंबाच्या लोणच्यात तर पाकच. प्रत्येक वेळी मी पेन्सिल टेकवली की ती म्हणे, ‘ती साखर नाही रे, ती चव.’ संध्याकाळी बेरीज मांडली. चार माणसांत सहा चमचे. माणशी दीड! माझ्या एका कप चहाहून कमी. एवढ्यासाठी मी आईला दिवसभर चोरासारखं वागवलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि माझी कोशिंबीर वेगळ्या वाटीत, बिनसाखरेची, जरा जोरात आदळून ठेवू लागली.

तेव्हा गुन्हेगार भलतीकडेच होता. पानात मधोमध, मूद पाडून बसलेला.

मध्यम वाटीभर भातात साधारण 40 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं. ते वरणभातातून आलं की चहातून, हे रक्त विचारत नाही. पण आमच्याकडे सणासुदीचं जेवण तीन भातांवर उभं असतं. वरणभाताशिवाय जेवण सुरू होत नाही, ताकभाताशिवाय संपत नाही, आणि मधल्या मसालेभाताला हात लावायची माझी छाती नाही. म्हणून पोळी सोडली. ‘त्यापेक्षा भाकरी खा, भाकरी चालते,’ असं मेव्हण्याने सांगितलं. ज्वारीतही पिष्ट जवळपास गव्हाइतकंच. पण ‘चालते’ हा शब्द ऐकला की मराठी माणूस तीन खातो. मीही खाल्ल्या.

‘चालतो’च्या यादीत दुसरा गूळ. डॉक्टरांनी कमी जीआयचे पदार्थ खा म्हटलं होतं, म्हणजे साखर रक्तात सावकाश चढवणारे. कोल्हापूरच्या काकांनी फोनवरच निकाल दिला: ‘अरे, आमच्या गुळाला जीआय आहे!’ आहे खरा. पण तो भौगोलिक मानांकनाचा. स्वादुपिंडाला त्याची कल्पना नसते. काकांनी पाठवलेली ढेप अजून फडताळात आहे. थोडी कमी झाली आहे.

उपवासाचा मार्ग काहींना सुचेल. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचं जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, त्यावर चवीपुरती साखर. (कसावा, बटाटा, शेंगदाणे, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. विठोबाने इतकी मोकळीक दिली, पण वाटीभर भाताला नाही.) दोनदाच जेवा म्हणणारे डॉक्टर दीक्षित की थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ दिवेकर, या वादावर आमच्या घराने सुवर्णमध्य काढला होता: दोनदा 55 मिनिटांत पोटभर, आणि मधे दर दोन तासांनी थोडं थोडं.

खरा उपयोग दोन गोष्टींचा झाला. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, भात शेवटी घ्यायचा, म्हणजे तो आपोआप कमी जातो. आणि जेवून शतपावली. हे आजोबाही करायचे. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

वाढणी: ही सर्वांत अवघड पायरी, लग्नाच्या पंगतीत येते. जिलबीचं ताट दिसताच पाठ ताठ करावी. पहिल्या ‘पुरे’ला किंमत नसते, दुसऱ्याला लाजतो आहे असं समजतात. तिसऱ्या वेळी दोन्ही तळवे पानावर आडवे धरून वर अंगाचं छप्पर करावं. मी गेल्या महिन्यात हे सगळं बिनचूक केलं. वाढणारी वहिनी थांबली. माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग दोन बोटांमधल्या फटीतून एक गरम जिलबी अलगद आत सोडत म्हणाली, ‘अहो भाऊजी, चवीपुरती!’