खडा खरा आहे ना?

साखरपुड्याची अंगठी घडवून घ्यायला आलेली मंडळी सराफाच्या पेढीवर घडणावळीवरून अर्धा तास घासाघीस करतात. खड्याबद्दल मात्र एकच प्रश्न विचारतात, 'खरा आहे ना?' सराफ हो म्हणतो आणि विषय मिटतो. हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही.

खाणीतून निघालं तसंच पैलू पाडलेलं माणिक खरं. भट्टीत तापवून रंग खुलवलेलं माणिकही खरं. आणि ज्याच्या भेगांत शिसंयुक्त काच भरली आहे, तेही माणिक म्हणूनच विकलं जातं. तिन्हींच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो. तापवणं या धंद्यात सर्वमान्य आहे आणि त्याचा परिणाम टिकतो. काच टिकत नाही. दुरुस्तीच्या वेळी आच लागली, इतकंच काय, लिंबाचा रस लागला तरी ती खराब होऊ शकते. म्हणून विचारायचं ते हे: या खड्यावर काय काय केलंय? आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायचं.

'हॉलमार्क आहे की!' असं कुणीतरी म्हणतंच. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा झाला, हे चांगलंच झालं. पण ती खूण सोन्याच्या शुद्धतेची हमी देते. खड्याबद्दल ती एक शब्दही बोलत नाही. खड्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आयजीआय यांच्यासारख्या प्रयोगशाळा मुंबईतच आहेत. तपासणी खडा सुटा असतानाच करून घ्या. एकदा कोंदणात बसला की त्याचं नेमकं वजनही करता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो.

आता वजनाचं. खड्याच्या वजनात 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम. खड्याचे पैसे वेगळे मोजले आणि त्याचं वजन पुन्हा सोन्यातही धरलं गेलं, तर 2 कॅरेटच्या खड्यापायी 0.4 ग्रॅम सोन्याचे पैसे हकनाक जातात. सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता बिलावर लिहिणं हॉलमार्कच्या नियमांनुसार सराफाला बंधनकारक आहे. तो उपकार नाही. 'एकूण वजन' एवढाच आकडा असलेलं बिल परत करा.

घरातली वडीलधारी मंडळी 22 कॅरेट शुद्धतेच्या सोन्याचा हट्ट धरतात, 18 कॅरेट त्यांना हलकं वाटतं. गुंतवणूक म्हणून त्यांचं बरोबर आहे, पण खड्याच्या अंगठीला हा हिशेब लागू पडत नाही. 22 कॅरेटचं सोनं मऊ असतं. खडा धरून ठेवणारे बारीक दाते रोजच्या वापरात वाकतात आणि एक दिवस खडा निखळून पडतो. खडा धरायला 18 कॅरेटच बरं.

खडा कोणता, हे बोटाला विचारा. अंगठी रोज घालायची आहे. घालणारी कणीक मळणार, भांडी घासणार, लोकलचा दांडा धरणार. हवेतल्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी 7 वर आहे. माणिक आणि नीलम 9 वर, म्हणून ते टिकतात. मोती साडेचारच्या वर जात नाही. तो गळ्यात आणि कानात शोभतो, रोजच्या अंगठीत त्याचे हाल होतात. पाचूचं काठिण्य बरं असलं तरी त्यात बारीक भेगा असतात आणि त्या बहुधा तेल मुरवून झाकलेल्या असतात. अल्ट्रासोनिक यंत्रात धुतला की तेल निघून भेगा उघड्या पडतात. पाचू घेणाऱ्या प्रत्येकाला हे दुकानातच सांगायला हवं. बहुतेकांना ते भेगा दिसल्यावर कळतं.

आणि पत्रिका. मुलीला नीलम आवडलेला असतो, तेवढ्यात कुणी मावशी 'नीलम सगळ्यांना लाभत नाही गं' म्हणते आणि अंगठी बदलते. जिच्या बोटात ती आयुष्यभर राहणार, तिची निवड अशी भीती घालून मोडू नका.

घासाघीस करायचीच तर खड्याच्या भावात करा, घडणावळीत नको. घडणावळ तोडली की तिची झळ शेवटी झवेरी बाजारातल्या पोटमाळ्यावर मान मोडून बसलेल्या कारागिराला लागते. त्यांच्यातले कितीतरी जण बंगालहून पोटासाठी आलेले आहेत. कमी पैशांत घाईनं केलेली बसवणूक कच्ची राहते आणि त्याची किंमत तुम्हीच मोजता.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी सुटा खडा, मग अहवाल, मग आराखडा, मग इसार. खडा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत तयार केलेला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, त्याचं वजन किती, हे सगळं बिलावर हवं. सराफ लिहून द्यायला का कू करत असेल, तर त्याचा चहा न घेता उठा आणि दुसरी पेढी गाठा.