वर्गीकरण अधिकारी (स्वयंघोषित)

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा. तिथे चेअरमन असतो, सेक्रेटरी असतो आणि या दोघांनाही न विचारता कचऱ्याचा कारभार हातात घेतलेले एक काका असतात. त्यांना कोणी निवडून दिलेले नसते, त्यामुळे हटवताही येत नाही. बहुधा बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढलेल्या. निवृत्तीबरोबर फायली संपतात, चुका काढायची खोड संपत नाही. ती एक दिवस जिना उतरते आणि पार्किंगमधल्या कचऱ्याच्या बादल्यांपाशी जाऊन उभी राहते.

2016 च्या घनकचरा नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीनच भाग सांगितले होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. काकांना ते फारच ढोबळ वाटले. त्यांनी पोटभाग केले, पोटभागांना अपवाद जोडले आणि अपवादांच्या पाट्या लिफ्टशेजारी लावल्या. त्यातली एक आमच्याकडे अजून आहे: ‘नारळाच्या करवंट्या खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. त्या कुजेपर्यंत खाली सही करणारा हयात राहील याची खात्री नाही.’ खाली सही, तारीख, आणि सहीखाली दोन रेघा.

काकांची सकाळ सहाला सुरू होते. फिरायला जातो असे काकूंना सांगून ते खाली येतात आणि बादल्यांची झाकणे उघडतात. कोणाकडे काल पाहुणे होते, कोणाचे पथ्य मोडले, कोणाच्या घरी एकादशीला अंड्याची टरफले निघाली, सगळे त्यांना ठाऊक. पण ते चहाडी करत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा राग अंड्यावर नसतो. टरफले सुक्यात का टाकली, एवढाच असतो.

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड त्यांच्या तावडीत सापडले.

“हा पिझ्झाचा खोका तुमचा?”

“हो काका.”

“कशात टाकलात?”

“सुक्यात. पुठ्ठाच आहे ना?”

“पुठ्ठा आहे, कबूल. मग त्याच्यावर हे चीज कोणाचं?”

मुलगा गप्प. काकांनी खोका उभा धरला, वरचे कोरडे झाकण टर्रकन फाडून सुक्यात टाकले आणि तेलकट तळ ओल्यात. मग व्याख्यान. कागदाचा लगदा पाण्यात करतात, त्यात तेल गेले की ते निघत नाही, एक तेलकट खोका चांगल्या पुठ्ठ्याची वाट लावतो, वगैरे. यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. काकांची अडचण तीच आहे. ते बरोबर असतात, आणि सकाळी साडेसहाला असतात.

ज्ञानाला तर तोटाच नाही. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, म्हणून तो रद्दीत जात नाही. दुकानातले गुळगुळीत बिल रसायन लावलेल्या कागदाचे, तेही रद्दी नव्हे. फळांच्या रसाचा खोका म्हणजे कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे एकत्र कुटुंब. चकचकीत, सोनेरी वर्खाची लग्नपत्रिका हातात आली, की काका आधी तिचा कोपरा ओला करून चोळतात आणि नंतर मुहूर्त वाचतात. खुद्द लग्नात जेवण झाल्यावर सगळे विडा शोधत असतात, तेव्हा हे श्रीखंडाची वाटी उलटी करून बुडावरचा त्रिकोण पाहतात. “पाच नंबर! पॉलिप्रॉपिलीन!” स्थळाचे गोत्र जुळल्यावर वधूपिता ज्या आवाजात बोलतो, अगदी त्याच आवाजात.

23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा काकांना सरकारने आपले ऐकल्यासारखे झाले. पुढचे काही महिने ते भाजी आणायला जाताना चार कापडी पिशव्या नेत. एक स्वतःसाठी आणि तीन ज्यांना बोलायची संधी मिळेल त्यांच्यासाठी.

घरी मात्र या राज्याला विरोधी पक्ष आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून काका गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतात. “साड्या कुठे घालू?” हा काकूंचा प्रश्न अनेक वर्षे प्रलंबित आहे. मे महिन्यात दिवसाआड पाणी येत होते, तेव्हाही काका शाम्पूची बाटली फेस जाईपर्यंत विसळत होते. फेस लवकर जाईना, कारण तो शाम्पू होता.

खताचा खड्डा हेही त्यांचेच अपत्य. त्यात आळ्या पडल्या, वास सुटला, तळमजल्यावरचे जोशी सभेत उभे राहिले. काकांनी ताक ओतले, गूळ घातला, वाळका पाला टाकला, आणि शेवटी मिळकतकरातल्या 5 टक्के सवलतीचा मुद्दा काढला. वास तोच राहिला, पण तक्रार थांबली. पुण्यात दुर्गंधीवर यापेक्षा गुणकारी औषध नाही.

आता माझी खरी तक्रार. मागच्या महिन्यात काकांनी बादल्यांचा नवा संच घरपोच मागवला. बादल्या खोक्यात, तो खोका दुसऱ्या खोक्यात, मधे फुगे असलेले प्लॅस्टिक, वरून हातभर चिकटपट्टी. काका खाली पथारी पसरून बसले आणि तासभर सुरीने पट्टी सोलत राहिले. चेहऱ्यावर समाधान होते. तीन बादल्यांना एवढे आवरण कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला खोक्याचा जाब विचारणारा हा माणूस खोका पाठवणाऱ्याला कधीच जाब विचारत नाही. प्लॅस्टिकच्या आवरणाची जबाबदारी उत्पादकावरही आहे, हे 2016 च्याच प्लॅस्टिक कचरा नियमांत लिहिलेले आहे. काकांकडे ते नियम छापील आहेत, मागच्या कोऱ्या बाजूंसकट जपलेले. पण उत्पादक सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये सापडत नाही.

सापडतात त्या कचरा वेचणाऱ्या मावशी. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. आमच्या मावशी त्यातल्याच. दारोदार फिरून कचरा घ्यायचा, खाली बसून तो निवडायचा आणि विकण्याजोगे भंगारवाल्याला द्यायचे. काका एखाद्या झाकणावरच्या त्रिकोणातला नंबर शोधायला चष्मा पुसतात, तोवर मावशींनी ते झाकण बोटांत दाबलेले असते, आवाज ऐकलेला असतो आणि योग्य ढिगात टाकलेले असते.

एकदा काकांनी त्यांच्यापुढे वेफर्सचे रिकामे पाकीट धरले. धुतलेले, पुसलेले, चौकोनी घडी घातलेले. “याच्यात प्लॅस्टिकचे थर आहेत बघा, आणि आतून धातूचा मुलामा.”

“असतील,” मावशी म्हणाल्या. “पण काका, हे कोण घेत नाही. चमकीला भाव नाही.”

काका म्हणाले, “धुतलं आहे हो.”

“धुतलं तरी. तुम्ही एवढं धूत बसू नका. फुटलेली काच तेवढी पेपरात बांधून वेगळी द्या. आणि पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. ते सुट्टं आलं की आमच्या हाताला लागतं.”

काका बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिले. त्यांच्या पाट्यांत करवंट्या होत्या, पिझ्झा होता, लग्नपत्रिका होत्या. डायपर नव्हते. त्या विषयावर पाटी कशी लिहायची, याचा त्यांना संकोच वाटला असावा. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नवी पाटी आली. तिच्यात लाल ठिपका होता, मजकूर दोन ओळींचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला टोमणा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने तिचा फोटो काढला. काकांना वाटले, कौतुकाने.

काका त्रासदायक आहेत. पण ज्या सोसायटीत असे काका नाहीत, तिथला कचरा वर्षानुवर्षे जसा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवरच्या कचरा डेपोत जाऊन पडला, तसाच एकत्र कालवून बाहेर पडतो, आणि तिथल्या मावशींना उकिरड्यात हात घालावा लागतो. म्हणून पाट्या सोडा, पण काकांचे एक तेवढे ऐका. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका. कात्रीने चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. पिशवी भंगारवाला विकत घेतो, तो तुकडा मोरीतून गटारात जातो.