तेल बदलत अलास्कापर्यंत

न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडवरचे विज्ञानशिक्षक अर्व गॉर्डन यांची १९६६ सालची लाल व्होल्वो १८००एस ही एकाच मालकाने, भाड्याबिड्याला न लावता, जगात सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून गिनेस बुकात नोंदलेली आहे. मालकाच्या हयातीत ती ३२ लाख मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ५२ लाख किलोमीटर धावली. आळंदी ते पंढरपूर हे अंतर ढोबळमानाने अडीचशे किलोमीटर धरले, तर वीस हजार आषाढ्या होतात. चंद्राच्या हिशेबाने ही गाडी सहा वेळा जाऊन आली आणि सातव्या खेपेला चंद्राला शिवून परतीच्या वाटेला लागली.

हे झाले गाडीचे मायलेज, पण येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी माणूस ‘मायलेज’ हा शब्द निराळ्या अर्थाने वापरतो. नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारी पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न विचारतो, “किती देते?” मालक लिटरमागे दोन किलोमीटर वाढवून सांगतो, शेजारी मनात तीन वजा करतो आणि व्यवहार पुरा होतो. प्रस्तुत प्रकरणातील मायलेज ते नव्हे. गाडी लिटरला किती देते हा प्रश्न नसून, मालकाने गाडीला जन्मभर काय दिले, असा आहे.

गाडी जन्मापासूनच बारा गावचे पाणी प्यालेली. तिची आकृती इटलीत, तुरीन येथील फ्रुआच्या कारखान्यात तयार झाली. व्होल्वोच्या प्रमुखांना डिझाइन इटालियनच हवे होते आणि त्यांनी चार-पाच नमुन्यांतून पसंत केलेले डिझाइन निघाले पेले पेटरसन या स्वीडिश तरुणाचे, तेही कंपनीच्याच सल्लागाराच्या मुलाचे. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. येथे विकले गेले, पण पिकवणाऱ्याचे नाव कळल्यावर साहेब संतापले आणि त्या पोराला श्रेय मिळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. मधल्या काळात त्याने शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ऑलिम्पिक पदके मिळवली. सांगाडा स्कॉटलंडमध्ये ठोकायचा, जोडणी इंग्लंडात करायची आणि इंजिन स्वीडनहून आणायचे, अशी सुरुवातीची व्यवस्था होती. जोडणीच्या दर्जाबद्दल तक्रारी वाढल्यावर १९६३ मध्ये ते काम स्वीडनला हलवले गेले. नावातला ‘एस’ त्या स्थलांतराची खूण आहे. दूरचित्रवाणीवरच्या ‘द सेंट’ या मालिकेत रॉजर मूर हीच गाडी उडवत असे, त्यामुळे तिचा तोरा नटाच्या गाडीचा होता. बॉनेटखाली मात्र होते १७७८ सीसीचे, चार सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे बी-१८ इंजिन. त्याच्या क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंगचा आधार होता. त्या काळी चार सिलिंडरच्या पुष्कळ इंजिनांची तीन बेअरिंगवर बोळवण होत असे. थोडक्यात, चेहरा नायिकेचा आणि हाडपेर घाटावरच्या बैलाचे.

गॉर्डन मास्तरांनी ही गाडी १९६६ च्या जूनअखेरीस एका शुक्रवारी घेतली. किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे मास्तरांचा जवळजवळ वर्षाचा पगार. आधीच्या दोन गाड्यांनी रस्त्यात उभे करून करून त्यांना इतके पिडले होते की, चावी फिरवल्यावर गाडी सुरू होते आणि सुरूच राहते, हा अनुभव त्यांना नवा होता. ते शोरूमच्या बाहेर पडले ते थांबेचनात. सोमवारी ते पुन्हा हजर झाले तेव्हा मीटरवर १,५०० मैल होते आणि पहिली सर्व्हिसिंग करून पाहिजे होती. १,५०० मैल म्हणजे मुंबईहून निघून कोलकाता गाठायचे आणि तिथे न थांबता आणखी चार-पाचशे किलोमीटर जायचे. सर्वसाधारण घरात शनिवार-रविवारी गाडीची पूजा, चाकाखाली लिंबू आणि सासुरवाडीला एक चक्कर एवढेच आटोपते.

गाडी दीर्घायुषी करण्याच्या उपायांपैकी मास्तरांचा मुख्य उपाय अघोरी म्हणावा असा होता. गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक त्यांनी वाचले. नुसते वाचून थांबले नाहीत, त्यात लिहिले होते तसे वागले. मराठी घरात हे पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, मूळच्या प्लास्टिक पिशवीत, विम्याचे जुने कागद, पीयूसीच्या पावत्या, पूजेची सुपारी आणि वितळून पुन्हा घट्ट झालेली लिमलेटची गोळी यांच्या सहवासात आयुष्य काढते. मीटरवर कसला तरी तांबडा दिवा लागला की ते प्रथम बाहेर येते. तोवर सुपारीला कीड आणि इंजिनाला उशीर झालेला असतो.

माहितीपुस्तकाचे सार काढले तर ते तेलाशी येऊन थांबते. मास्तर साधारण ३,००० ते ३,५०० मैलांना इंजिन ऑइल बदलत. इंजिनातले तेल फक्त वंगणाचे काम करत नाही. घासलेल्या धातूचा चुरा, अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी आणि ओलावा हे सगळे ते पोटात घेते. काही काळाने त्याचे पोट भरते, मग ते ज्या बेअरिंगांना वाचवायचे त्यांनाच खरवडू लागते. “अजून काळं पडलं नाही, चालेल की महिनाभर,” असे सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक गल्लीत असतात, पण तेल रंगावरून ओळखायचे नसते, मैलांवरून ओळखायचे असते. दर ३,५०० मैलांना एकदा धरले तरी ३० लाख मैलांपर्यंत ८५७ वेळा तेल बदलावे लागते. एका वेळी पावणेचार लिटर या मानाने हा सुमारे ३,२०० लिटरचा मामला झाला. पुण्यातल्या सोसायटीत उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा असतो. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलाने भरेल. ८५७ वेळा गाडीखाली सरकायचे, नट सोडायचा, गरम काळी धार मनगटावरून कोपरापर्यंत आली की पुटपुटायचे, फिल्टर बदलायचा आणि वर नवे तेल ओतायचे. अलौकिक म्हणावे असे त्यात काही नाही. ८५८व्या वेळी कंटाळा न येणे तेवढे अलौकिक.

दुसरे कारण वरवर उलटे वाटते. गाडी फार चालली म्हणून टिकली. इंजिनाची सर्वांत जास्त झीज गार असताना सुरू करण्याच्या क्षणी होते, कारण तेल तळाशी बसलेले असते आणि वर पोहोचायला त्याला वेळ लागतो. शिवाय जळणातून पाण्याची वाफ निघते. इंजिन नीट तापले तर ती उडून जाते, नाही तर तेलात मिसळून त्याचा चिखल करते. कोपऱ्यावरून दूध आणायला काढलेली आणि दूध घेऊन लगेच बंद केलेली गाडी त्यामुळे हळूहळू आतून कुजते. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘डॉक्टरांनी वापरलेली, दवाखाना ते घर, अत्यंत कमी रनिंग’ असे मोठ्या अभिमानाने छापतात. ते वाचताना जाणकार मेकॅनिक हसतो, तो यासाठी. मास्तरांची शाळा जाऊन-येऊन १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर होती. एकदा तापलेले इंजिन, हमरस्ता, एकसारखा वेग आणि चौथ्या गिअरवर ओव्हरड्राइव्ह, त्यामुळे वेग तोच ठेवून इंजिन निवांत फिरे. इतक्या निवांतपणातही त्या क्रँकशाफ्टने जन्मात सुमारे आठशे कोटी फेरे घेतले असावेत. सात जन्मांच्या सात फेऱ्यांना कंटाळणाऱ्यांनी हा आकडा सावकाश वाचावा.

बाकीची दिनचर्या बारीकसारीक असली तरी चुकवता येत नाही. जुन्या मोटारीत संगणक नसल्याने त्याचे काम कानाला करावे लागते. या गाडीला दोन एसयू कार्बोरेटर आहेत आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी मेकॅनिक रबरी नळीचे एक टोक कानाला लावतो, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतो आणि दोन्ही सुस्कारे एका सुरात येईतो स्क्रू फिरवतो. दुरून पाहणाऱ्याला बॉनेटमध्ये कोणी आजारी आहे असे वाटते. प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावर पितळी किंवा प्लास्टिकची टोपी असते. ती उघडून आत थोडे पातळ तेल घालावे लागते, थेट नस्य केल्यासारखे. पॉइंटमधली फट फिलर गेजने मोजायची. झिजलेला पॉइंट गाडी बंद पाडत नाही, नुसती रुसवून ठेवतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. टॅपेटच्या बाबतीत मात्र संसारातला नियम उलटा लागू पडतो: ते जरासे वाजत असलेले बरे. अगदी गप्प झाले तर फट उरलेली नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि लवकरच जळणार आहे असे समजावे.

नवा आवाज आला की तो कुठून येतो ते त्याच दिवशी शोधायचे, हे या दिनचर्येचे शेवटचे कलम. सार्वत्रिक पद्धत टेपचा आवाज वाढवण्याची आहे.

६ लाख ८० हजार मैलांवर इंजिन प्रथम उघडले, नंतर आयुष्यात आणखी एकदा. इंजिनाचा मूळ ठोकळा तोच राहिला. बेल्ट, होज, पंप, ब्रेकशू, सायलेन्सर ही मंडळी येत-जात राहिली. आजीची गोधडी जशी प्रत्येक ठिगळानिशी तीच गोधडी असते, तसा हा प्रकार. तुलनेसाठी सांगायचे तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात १९७६ सालच्या एका मर्सिडीज टॅक्सीने ४६ लाख किलोमीटर केले आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात जमा झाली. पण तिची इंजिने आलटून-पालटून बदलली जात होती, आणि पोटासाठी चालवलेली गाडी आणि हौसेसाठी चालवलेली गाडी यांच्या प्रवासाची जातच वेगळी.

हौसेचा हिशेब मांडता येतो. वर्षाला शाळेचे १८० दिवस आणि तीस वर्षांची नोकरी धरली, तरी शाळेच्या वाऱ्या पावणेसात लाख मैलांवर जात नाहीत. उरलेले पंचवीस लाख मैल मास्तर भटकत होते. दिवाणखान्यात बसून सुचलेल्या कॉफीसाठी शेकडो मैलांवरचे हॉटेल गाठणे त्यांना अजिबात गैर वाटत नसे. घरात साखर संपली असे कोणी सांगितले तर हा गृहस्थ कुठल्या राज्यातून ती आणील याचा नेम नव्हता. पहिले दहा लाख मैल १९८७ मध्ये भरले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा सोहळा झाला. कंपनीने खूश होऊन नवी कोरी गाडी भेट दिली, मास्तरांनी आभार मानले आणि जुनी चालवणे चालूच ठेवले. दुसरे दहा लाख २००२ मध्ये टाइम्स स्क्वेअरवर पुरे झाले. पहिल्या दहा लाखांना २१ वर्षे लागली, दुसऱ्याला १५ आणि तिसऱ्याला ११. माणूस निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसतो त्या वयात यांचा वेग वाढत गेला.

हीच गाडी मुंबईची काळी-पिवळी असती तर हे काही घडले नसते. तिथे टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्याच नियमाने शेवटची प्रीमिअर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी तिला हळहळत निरोप दिला. त्या हिशेबाने मास्तरांची व्होल्वो १९८६ मध्ये, पहिले दहा लाख मैल भरायच्या एक वर्ष आधी, भंगारात गेली असती.

तिसऱ्या दहा लाखांसाठी मास्तरांनी निवडले अलास्का. लाँग आयलंडहून अँकरेजपर्यंत रस्त्याने सात हजारांहून जास्त किलोमीटर भरतात, म्हणजे मास्तरांच्या नियमाप्रमाणे वाटेत एकदा तेल बदलण्याचा मुक्काम आलाच. इतर प्रवासी अशा मार्गावर अस्वले आणि हिमनद्या मोजतात. सप्टेंबर २०१३ मध्ये, मास्तरांच्या वयाच्या ७३व्या वर्षी, अँकरेजच्या दक्षिणेला गर्डवुडजवळ सीवर्ड हायवेवर मीटरने तीस लाख मैल ओलांडले. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला टर्नअगेन नावाची खाडी. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची माणसे इथून पुढे वाट आहे का ते पाहायला आली होती. वाट नव्हती, पुन्हा माघारी वळावे लागले, तेच नाव खाडीला पडले. हायवे मात्र पुढे जातो, आणि लाल व्होल्वोही पुढे गेली, कारण तीस लाखांच्या पुढे तीस लाख एक येतात.

गॉर्डन मास्तर नोव्हेंबर २०१८ मध्ये, चीनच्या प्रवासात असताना, वयाच्या ७८व्या वर्षी वारले. मीटर ३२ लाख मैलांच्या पुढे गेलेले होते. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या भाषेत सांगायचे तर गाडी एकहाती, शिक्षकाने वापरलेली, सर्व सर्व्हिसिंग वेळेवर, चालू स्थितीत. फक्त रनिंगच्या रकान्यात आकडा मावत नव्हता.