सेमी-ऑटोमॅटिक शेट

शेटांचा फोन वाजला की आधी शर्ट वर होतो. फोन असतो शर्टाच्या वरच्या खिशात, पण डावा हात तिकडे पोहोचायच्या आत उजवा हात शर्टाचं खालचं टोक चिमटीत धरून चार बोटं उचलतो. समोरच्याला कमरेचं तपकिरी कातडी कव्हर दिसतं, त्यातून डोकावणारी काळी मूठ दिसते. दिसल्याची खात्री झाली की शर्ट खाली येतो, आणि मग "हॅलो".

भिवंडीच्या अंजूर फाट्यापासून मानकोली नाक्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर उभं राहिलात तर असे शर्ट तुम्हाला बरेच वर होताना दिसतील. आमचे शेट त्यांतले जुने. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली आणि गोण्या मोजणारं घर स्क्वेअर फूट मोजू लागलं, त्या पिढीतले. घर पडघ्याच्या बाजूला, गोदामाचं कंपाउंड पूर्ण्याला. म्हणजे शेट दात घासतात ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आणि जेवतात ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत. परवाना घराच्या पत्त्यावर, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर लोकांचे अर्ज लिहून देतो. शेटांच्या परवान्याच्या नूतनीकरणाचे अर्ज माझ्याच अक्षरात आहेत, म्हणून त्यांच्या शस्त्रागाराची मला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती.

२०१९ साली त्यांच्याकडे तीन हत्यारं होती. आज्याची एकनळी, वडिलांची बारा बोअरची दुनळी आणि स्वतःच्या कमाईचं बत्तीस बोअरचं पिस्तूल. एकनळीच्या कागदावर कारण लिहिलेलं, 'शेतसंरक्षण'. संरक्षण करायचं ते शेत आता काँक्रीटखाली आहे आणि त्यावर फोर्कलिफ्ट फिरतात. शेवटचं रानडुक्कर शेटांच्या वडिलांनी पाहिलं, तेही पळताना. पिस्तुलाचं कारण मात्र 'स्वसंरक्षण'. कोणापासून, असं मी एकदा विचारलं. शेट बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "तसा कोन नाय. पन मानूस बोलताना आवाज खाली ठेवतो."

खरं कारण यात आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला आणि सरकारी परवानगीशिवाय हिंदी माणसाच्या घरात बंदूक असणं गुन्हा ठरलं. तेव्हापासून बंदूक हे हत्यार कमी आणि सरकारने दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र जास्त. १९५९ च्या आपल्या कायद्यानेही ते प्रमाणपत्र फाडलं नाही, फक्त शिक्का बदलला. बाकीची प्रमाणपत्रं फायलीत ठेवावी लागतात, हे एक कमरेला लावता येतं, इतकाच फरक. हे पिस्तूल शेटांनी आजवर एकदाही कुणावर रोखलेलं नाही. त्याच्यामुळे ते पँट मात्र एक नंबर मोठी घेतात.

तर २०१९ च्या नोव्हेंबरच्या शेवटी दिल्लीत शस्त्रकायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. तोवर परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत, विधेयक म्हणालं एकच. भिवंडीत बातमी आली ती मात्र "सगळी जमा करायची" अशी. त्याच आठवड्यात शेटांचा ऑकलंडला असलेला पुतण्या फोनवर बोलून गेला, "काका, हिकडं सेमी-ऑटोमॅटिक सगळ्या सरकारनं काढून घेतल्या." शेटांनी दोन्ही बातम्यांची मोट बांधली आणि माझ्याकडे गाडी पाठवली.

"गुरुजी, सेमी म्हंजे काय?"

मी समजावलं. घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते, रिकामं टरफल आपोआप बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. मात्र दर गोळीला घोडा आपणच दाबायचा. घोडा दाबून धरला की गोळ्यांची माळ सुटते ते पुरं ऑटोमॅटिक. तेव्हा कमरेला आहे ते सेमीच.

शेटांचा चेहरा पडला. "अर्धा? दुकानदारानं पैसं तर पुरं घेतलं!"

भिवंडीच्या माणसाचा असा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण हा शब्द आम्ही पिस्तुलावरून नाही, मागावरून शिकलो. साध्या पॉवरलूमवर धागा तुटला तरी माग खटाखटा चालूच राहतो, आणि कारागिराचं लक्ष जाईपर्यंत कापडाची वाट लागते. धागा तुटताच आपसूक थांबायची जोडणी बसवली की तोच माग सेमी-ऑटोमॅटिक होतो. १ एप्रिल २०१७ ला केंद्राची पॉवरटेक्स इंडिया योजना सुरू झाली ती भिवंडीतूनच, आणि साध्या मागांना अशा जोडण्या बसवायला तिच्यात अनुदान होतं. शेटांचेही भागीदारीत थोडे माग आहेत.

"म्हंजे माग सेमी केला तर सरकार पैसं देतं, नि पिस्तूल सेमी हाय तर उचलून नेतं? एकच कायतरी ठरवा."

म्हटलं, शेट, माग सेमी झाला की थांबतो, पिस्तूल सेमी असलं की चालू राहतं. सरकारला हा फरक कळतो. शिवाय आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफली सामान्य माणसाला आधीच वर्ज्य आहेत. फौजेची गोळी चालते ती नऊ एमएमची पिस्तुलंही त्याच यादीत. बत्तीस बोअरला मुभा आहे, म्हणून तर गावोगावच्या शेटांच्या कमरेला बत्तीसच दिसतं. तिकडे न्यूझीलंडनेसुद्धा मुख्यतः लांब नळीच्या बंदुका काढून घेतल्या. तुमचं पिस्तूल तिकडे असतं तरी त्या बंदीत सापडलं नसतं.

यावर त्यांना हायसं वाटायला हवं होतं. उलट मान गेल्यासारखे दिसले. जगभर गाजलेल्या बंदीत आपलं नाव नाही, हे त्यांना लागलं असावं.

"पन तिकडं घेतल्या कशाला?"

सांगितलं. १५ मार्चला क्राइस्टचर्चमध्ये एका माणसाने दोन मशिदींत शिरून ५१ माणसं मारली. शुक्रवार होता, नमाजाची वेळ. महिनाभरात तिथल्या संसदेने कायदा केला, एकच मत विरोधात पडलं.

शेट गप्प झाले. मागांच्या धंद्यातले त्यांचे भागीदार निजामपुऱ्याचे, तीस वर्षांचा हिशेब एका वहीत. ती बातमी आली तेव्हा दोघे गाळ्यात समोरासमोर बसून काही न बोलता चहा पीत होते, ते मी पाहिलं होतं. बऱ्याच वेळाने शेट म्हणाले, "मग बराबर केलं त्यांनी."

आणखी थोडा वेळ गेला. "किती दिलं?"

कितीही मोठी गोष्ट असो, भिवंडी तालुक्यातला माणूस शेवटी या प्रश्नावर येतो आणि त्यात त्याचा दोष नाही. आमच्या जमिनीवरून समृद्धी महामार्ग गेला, वडोदऱ्याचा गेला, बुलेट ट्रेन चालली आहे. सरकार काही मागायला आलं की ती जमीनच असणार, आणि मोबदला नाही तर मोजणी नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. बंदूकबंदी झाली तर अमेरिकेतला बंदूकवाला राज्यघटनेचं कलम काढतो. आमचा रेडीरेकनर काढतो.

मी न्यूझीलंडचा दर सांगितला. नव्यासारख्या हत्याराला ठरवलेल्या किमतीच्या ९५ टक्के, वापरलेल्याला ७०, मोडक्याला २५.

"आज्याची पंचवीसमदी गेली," शेट म्हणाले. "लिवा अर्ज."

त्या अर्जाचा कच्चा खर्डा माझ्याकडे अजून आहे. अर्जदार शस्त्रबाधित असून त्याची पिढीजात मालमत्ता सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित होत आहे. मोबदला समृद्धीप्रमाणे पाचपट मिळावा. कुटुंबातील एकास शासकीय नोकरी, शक्यतो पोलिसात. मग शेटांना जमिनीच्या मोबदल्यासाठी लढलेले दि. बा. पाटील आठवले. १९८४ ला जासईच्या आंदोलनाला शेटांचे वडील गेले होते, आणि त्या लढ्यातून आलेले, संपादित जमिनीपैकी परत मिळणारे साडेबारा टक्के आमच्या भागात पाढ्यासारखे पाठ असतात.

"साडेबारा टक्क्याचा लिवा."

"बंदुकीच्या साडेबारा टक्के म्हणजे काय देणार, शेट? घोडा?"

"घोडा चालंल," शेट गंभीरपणे म्हणाले. "घोड्याशिवाय त्यांना बाकीचीचा काय उपयोग?"

अर्ज गेला नाही. ९ डिसेंबरला लोकसभेत चर्चा झाली, पंजाब-राजस्थानकडच्या खासदारांनी कुरकुर केली आणि एकाच्या दोन झाल्या. १४ डिसेंबरला कायदा लागू. तिसरं हत्यार वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मोबदल्याचं नाव नाही. वारसाची बंदूक म्हणूनही दोनाच्या वर सवलत नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मी मुद्दाम वाचून दाखवलं, कारण शेटांच्या धाकट्याची हळद तोंडावर होती. शेट म्हणाले, "डीजे लावल्यावर गोली कोनाला ऐकू येते?" परवान्याची मुदत तेवढी तीनाची पाच वर्षं झाली. शेटांना आनंद झाला. माझं दर तीन वर्षांचं उत्पन्न पाचावर गेलं, त्याबद्दल कुठल्याच खासदाराने तोंड उघडलं नाही.

कोणती द्यायची यावर घरात बैठक बसली. थोरल्याचं मत दुनळी द्यावी. धाकट्याचं मत काहीही द्या, पण हळदीनंतर. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिनी देऊन टाका. कपाट तरी मोकलं व्हईल." शेटांनी हे मत नोंदवून घेतलं नाही. शेवटी आज्याची एकनळी जायची ठरली, आणि ठरल्यावर करोना आला. पुढच्या दिवाळीनंतर, मुदत संपत आली तेव्हा, आम्ही दोघे ती गोणपाटात गुंडाळून मुंबईच्या एका विक्रेत्याकडे घेऊन गेलो. शेट वाटेत तिच्यावर हात ठेवून बसले होते, आजारी माणसाला दवाखान्यात नेताना बसतात तसे.

विक्रेत्याने ती मोडून उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून पाहिलं. नळीतून उजेड येत नव्हता. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, एकावर एक, चांगलं चार खोल्यांचं. म्हणजे प्रत्येक नूतनीकरणाच्या अर्जात मी ज्या हत्याराबद्दल 'सुस्थितीत व वापरात' असं वळणदार अक्षरात लिहीत आलो, त्याच्यात माशी बिऱ्हाड थाटून बसली होती. विक्रेत्याने सळई घातली. माती काउंटरवर सांडली.

शेट त्या ढिगाऱ्याकडे बघत म्हणाले, "खरी बाधित ही."

उरलेली दोन दर निवडणुकीला जमा होतात. २०२४ साली आचारसंहिता दोनदा लागली, मार्चमध्ये लोकसभेची आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेची. दोन्ही वेळा शेटांना जमा करण्याचं पत्र आलं. ज्यांना येत नाही त्यांच्याकडे ते कीव केल्यासारखे पाहतात. ज्याच्यापासून शांततेला धोका संभवतो अशांच्या यादीत नाव असणं हा त्यांच्या मते मान आहे. मला ठाऊक असलेला त्यांचा सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे गोदामाचा पत्रा शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर पुढे काढणं. पावतीला त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलं आहे. पहिल्या वेळी कमर रिकामी झाल्यावर मात्र आठवडाभर ते दात काढलेल्या माणसासारखे वावरले. सारखा हात तिथे जायचा. नाक्यावर फोन आला तरी शर्ट खालीच.

निकाल लागायच्या आधीची गोष्ट. पूर्ण्याच्या कंपाउंडमध्ये नवे भाडेकरू गाळा बघायला आले होते, सुरतेकडचे, सावध माणसं. शेटांचा फोन वाजला. जुन्या सवयीने शर्ट चार बोटं वर गेला, तपकिरी कव्हर दिसलं, त्यातून डोकावणारं काळं काहीतरी दिसलं आणि दोन्ही पाहुणे पाऊलभर मागे सरकले. भाड्याची घासाघीस तिथेच संपली. ते गेल्यावर मी कव्हराकडे बोट दाखवलं. परत मिळालं का?

शेटांनी काळी मूठ धरून बाहेर ओढली. तीस फुटी मोजपट्टी होती. बटण दाबताच ती सर्रकन आत गेली.

"ही पन सेमीच हाय," शेट म्हणाले. "भायेर आपन काडायची, आत आपोआप जाते."