राईड मिळेल का?

गडहिंग्लजच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ची तीन वर्षं एस.टी.च्या पासावर काढली. विद्यार्थ्याने तिकिटाचा तिसरा हिस्सा भरायचा, बाकीचं सवलतीत. त्या प्रवासातलं आता फारसं आठवत नाही, पण कंडक्टरच्या डोक्यावरून गेलेली ती घंटीची दोरी आठवते. एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की सुटणार. तिकिटं देता देता, वर न बघता, कंडक्टर दोन बोटांनी ती ओढायचा आणि एवढी मोठी गाडी त्याचं ऐकायची. ती दोरी एकदा तरी आपल्या हाताने ओढायला मिळावी असं मला फार वाटे.

ते भाग्य अमेरिकेत लाभलं. मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका विद्यापीठाच्या गावी मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला गेलो होतो. (गावाचं नाव सांगत नाही. तिथलं मीठ खाल्लंय.) तिथल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. खिडक्यांच्या वरून एक पिवळी दोरी गेलेली असते. आपला स्टॉप जवळ आला की ज्याची त्याने ओढायची. पहिल्याच दिवशी मी ती हौसेने ओढली, आणि इतकी वर्षं बघून बघून झालेल्या सवयीने दोनदा ओढली. ड्रायव्हरबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऐकलं रे बाळा मी. एकदा पुरते."

पण दोरी ओढायची तर आधी बस यायला हवी.

बस तासाला एक होती. शेवटची संध्याकाळी साडेसहाला, आणि रविवारी अजिबात नाही. तासाला एक बस असेल आणि माणूस वेळापत्रक न बघता स्टॉपवर गेला, तर त्याला सरासरी अर्धा तास थांबावं लागतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतही असे. पुस्तकातल्या उदाहरणात थंडी धरलेली नसते. आमचा स्टॉप म्हणजे गवतात रोवलेला एक खांब. हिवाळ्यात रस्ता साफ करणारा ट्रक यायचा आणि सगळा बर्फ नेमका त्या खांबाच्या बुडाशी लोटून जायचा. मग आम्ही चौघं-पाचजण त्या ढिगावर चढून उभे. लांबून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पोरांनी कळसूबाई सर केलंय.

मार्गाची कथा आणखी न्यारी. गावाला बस मोजून एक, आणि तिने सगळ्यांची मर्जी राखायची. त्यामुळे ती वसतिगृहं, इस्पितळ, कोर्ट, वृद्धाश्रम, मॉल अशी एकाच दिशेने गावाला प्रदक्षिणा घालायची. आपण शंकराला अर्ध्यातून परत फिरतो, तेवढी सवलतही इथे नव्हती. इंडियन ग्रोसरीचं दुकान माझ्या खोलीपासून बसने 12 मिनिटांवर होतं. परतताना तेच दुकान 48 मिनिटांवर जायचं.

एकदा 20 पौंडांची कणकेची पिशवी मांडीवर घेऊन मी ती उरलेली प्रदक्षिणा पुरी करत होतो. पिशवीच्या कोपऱ्याला बारीक भोक पडलेलं होतं, ते मला कोर्टापाशी कळलं. तोवर काळ्या जॅकेटवर, पँटवर, बुटांवर कणीक चाळून पडल्यासारखी बसली होती. वृद्धाश्रमाच्या स्टॉपवर काठी टेकत एक आजोबा चढले, समोर बसले, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "बेकरीत आहेस का?" म्हटलं, "नाही, संख्याशास्त्रात." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "असू दे. तेही कुणीतरी करायलाच हवं."

बस नाही म्हटल्यावर उरते ती राईड. परदेशात शिकलेल्या कुणालाही विचारा, "राईड मिळेल का?" हे वाक्य त्याने किती प्रकारच्या आवाजांत म्हटलंय. पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा भात मागताना जसा आवाज निघतो, तसा तो आवाज. एखाद्या सीनियरने जुनी कोरोला घेतली की त्याच्या मित्रमंडळाची संख्या एका आठवड्यात तिप्पट व्हायची. शनिवारी तो दुकानाला निघाला की त्याच्याबरोबर चौघं. आपली खरेदी दहा मिनिटांत उरकलेली असते, पण गाडीचा मालक भेंडीच्या ढिगापाशी उभा राहून एकेक शेंडा मोडून बघत असतो, आणि आपणही ते प्रसन्न चेहऱ्याने बघायचं. घाई आहे असं म्हणायची सोय नाही. फुकट राईडसारखी महाग वस्तू मी दुसरी पाहिली नाही. एका कोरोलापायी मी एकाचा सबंध प्रबंध तपासून दिलाय, आणि दुसऱ्याच्या मांजराला दोन आठवडे सांभाळलंय.

पुढे बस बंद करायची की ठेवायची यावर गावात जाहीर बैठक झाली. वेळ संध्याकाळी सातची. म्हणजे बसबद्दल बोलायला जायचं तर बसने परतता येत नव्हतं. आम्ही राईड घेऊन गेलो. माइकसमोर प्रत्येकाला तीन मिनिटं. समितीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की बस रिकामी धावते, मग गावाने पैसे कशाला घालायचे? मला त्यांना सांगायचं होतं की, अहो, दुकान दिवसातून घटकाभर उघडायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून कुलूप लावायचं, याला धंदा बुडाला म्हणत नाहीत, बुडवला म्हणतात. पण इंग्रजीत ते जमवेपर्यंत माझी तीन मिनिटं संपली. माझ्यानंतर वृद्धाश्रमातले ते काठीवाले आजोबा उठले. ते एवढंच म्हणाले की मला आता गाडी चालवता येत नाही, आणि या मुलांना अजून घेता येत नाही, तेव्हा आमचं भांडण एकच आहे. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा बेकर नाहीये." सभेला काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

खरं तर अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी हे कोडं कधीच सोडवलंय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला 1968 साली विद्यार्थी संघटनेने लंडनहून दोन जुन्या डबलडेकर विकत आणल्या आणि बससेवा सुरू केली. तिचं नाव युनिट्रान्स. आजही तिथल्या बस विद्यार्थीच चालवतात. सकाळी गणिताचा तास, दुपारी स्टिअरिंग. (आमच्या वर्गातल्या एकेकाचे चेहरे आठवून मी या कल्पनेने दचकलो होतो, पण तिथे ती पन्नासाहून जास्त वर्षं चालली आहे.) आयोवातल्या एम्सची वस्ती जेमतेम 65 हजारांच्या आसपास, तिथे गाव, विद्यापीठ आणि विद्यार्थी संघटना मिळून सायराइड या बससेवेचा खर्च उचलतात, आणि कोविडच्या आधी तिथे वर्षाला 60 लाखांहून जास्त वेळा लोक बसमध्ये चढले. चॅपल हिल या विद्यापीठाच्याच गावात 2002 पासून बसला कुणालाच तिकीट नाही.

यामागचा हिशेब डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडून दाखवला होता. शूप म्हणजे पार्किंगवर आयुष्य घातलेला माणूस. विद्यापीठाने वाहतूक कंपनीला वर्षाची ठोक रक्कम द्यायची आणि ओळखपत्र हाच पास समजायचा, अशी पद्धत असलेली 35 विद्यापीठं त्यांनी तपासली. खर्च निघाला विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी 30 डॉलर. उलट बहुमजली पार्किंगमध्ये एका गाडीची जागा बांधायची तर हजारो डॉलर पडतात, आणि ती गाडी दिवसभर तिथे नुसती झोपलेली असते. आपली भिशी असते ना, तसंच हे. फरक इतकाच की भिशीचा नंबर एकेकाला एकदाच लागतो, इथे सगळ्यांचा रोज. एस.टी.चा पास ज्याने काढला त्याचा प्रवास स्वस्त होतो, पण गाडी तेवढीच राहते. इथे सगळ्यांनी मिळून थोडं थोडं भरल्यावर गाड्याच वाढतात, हे मला जास्त पटलं. बस फुकट असण्यापेक्षा ती लवकर येणं मोलाचं. तासाला एक फुकट बस आली तरी ढिगावर उभं राहायचं ते राहायचंच.

आमच्या गावातही शेवटी मुलांनी मतदान केलं आणि दर सत्राला फीमध्ये काही डॉलर वाढवून घेतले. फी वाढावी म्हणून विद्यार्थी रांगेत उभे राहिलेले मी आयुष्यात तेवढ्या एका वेळी पाहिले. प्रदक्षिणा मोडून जाता-येता सरळ मार्ग केला, बस चार झाल्या, रविवारचीही सुरू झाली. अर्थात हे सगळं होईपर्यंत माझी पीएच.डी. संपली होती, त्याच गावात नोकरी लागली होती आणि मी जुनी कोरोला घेतली होती.

आता शनिवारी दुकानातून निघताना मागच्या सीटवर कणकेची पिशवी असते आणि तीन जागा रिकाम्या असतात. मांजर सांभाळायलाही कुणी मिळत नाही. परवा स्टॉपवर एक नवा मुलगा दिसला, पायाशी तांदळाचं पोतं. त्याच्या टीशर्टवर कोल्हापूरच्या कुठल्याशा तालमीचं नाव होतं. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि मराठीतच विचारलं, "राईड देऊ का रे?"

तो हसला. म्हणाला, "नको काका, सात मिनिटांत येईल बस."

मी तिथेच थांबलो होतो. पाच मिनिटांनी मागून हॉर्न वाजला; मी बसची जागा अडवली होती.